वीस वर्षांना नऊ महिने कमी

नाचणगाव, २४ जून १९८४

चि. कोकिळा हिस नत्थूकाकाचा आशीर्वाद.

आमच्या पोरानं, बबननं, लिहिलं की तुले नागपूरच्या ऑफिसात नद्यांच्या पाणी-मोजणीचं टेबल भेटलं. म्हणजे मी रोज सकाळी आठ वाजता वर्धा नदीच्या घाटावर खांबावरची गेजपट्टी वाचतो अन् महिन्याच्या शेवटी तक्ता पाठवतो, तो आता तुह्या हाताखालून जाईन. चुलतभावाची पोरगी माह्या कामावर साहेब झाली. बरं वाटलं. तुह्या काकूनं तर आळीत सांगूनही टाकलं.

एक विचारायचं होतं. इथले पोस्टमास्तर म्हणतात की नवीन नियमात वीस वर्षं नोकरी झाली की सरकारी माणसाले स्वतःहून सुटता येते अन् पेन्शनही भेटते. मले पंचावन्न सरलं. अठ्ठावन्नला अजून तीन वर्षं आहेत. गुडघे त्रास देतात, घाटाच्या पायऱ्या उतरणं जड जाते. मी त्या नियमात बसतो का, तेवढं पाहून कळवजो. नोकरी १ एप्रिल १९५८ पासून आहे, १९७२ च्या एप्रिलात कायम झालो.

बबनले सांगू नको. तो लगेच भाषण देईन.

तू पुलगावच्या शाळेत होती तवा दोन वर्षं आमच्या घरी राह्यली, पण एकदाही मागून भाजी घेतली नाई, असं काकू अजून म्हणते. नागपुरात तरी जेवत जाजो.

तुझा
नत्थूकाका


नागपूर, २ जुलै १९८४

ती. काकाजींस सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

स्वेच्छानिवृत्तीसाठी वीस वर्षांची सेवा लागते. १९५८ ते १९७२ तुमची नेमणूक आकस्मिक खर्चातून होती, कायम नव्हती. अशी सेवा सलग असेल तर निम्मी धरतात. म्हणजे चौदा वर्षांची सात. कायम झाल्यापासून आजवर बारा वर्षं तीन महिने. एकूण एकोणीस वर्षं तीन महिने. वीस वर्षांना नऊ महिने कमी आहेत. ते ३१ मार्च १९८५ ला भरतील. तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे ती डिसेंबरअखेर द्यावी. या निवृत्तीत सेवेला पाच वर्षांपर्यंत वाढ मिळते, पण अठ्ठावन्नाच्या पुढे ती जात नाही. तुमच्या बाबतीत ती सव्वादोन वर्षं होईल.

आता दुसरा विषय. तुमच्या पाणी-मोजणी ठाण्याचे बारा वर्षांचे तक्ते सध्या माझ्याकडे तपासणीला आहेत. एका पुलाच्या आराखड्यासाठी ते लागणार आहेत आणि ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक वर्षाच्या तक्त्यावर 'तपासले, विश्वसनीय' अशी सही मला करायची आहे.

१९७२ ते १९८१ पर्यंत तुमच्या वाचनाचा शेवटचा आकडा बहुतेक वेळा शून्य किंवा पाच आहे. तुम्ही पाच सेंटिमीटरच्या अंदाजाने वाचत होता. पुष्कळ वाचक तसं करतात, त्यात काही गैर नाही. नोव्हेंबर १९८१ पासून मात्र दोन, तीन, सात, नऊ असे सगळे आकडे सारख्याच प्रमाणात येतात. बावन्नाव्या वर्षी माणसाची सवय एका महिन्यात अशी बदलत नाही.

शिवाय त्या महिन्यापासूनच्या तक्त्यांचं अक्षर आणि तुमच्या पत्राचं अक्षर एकच आहे. ते तुमचं नाही. दोन वर्षं मी तुमचं अक्षर पाहिलं आहे.

मला असं वाटतं की तुम्ही हे काम कोणाला तरी लावून दिलं आहे आणि तो माणूस घाटावर न जाता घरी बसून आकडे लिहितो. तसं असेल तर आत्ताच सांगा. चौकशीत निघालं तर पेन्शनचा प्रश्नच उरणार नाही.

मी जेवते. काळजी नसावी.

कोकिळा


नाचणगाव, ८ जुलै १९८४

चि. कोकिळेस आशीर्वाद.

तुह्या पत्रातला हिशेब समजला. मेहेरबानी.

दुसऱ्या विषयाबद्दल एवढंच की सव्वीस वर्षांत मी आठची वेळ चुकवली नाई. बबनच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा गेज वाचून मंग वरातीत गेलतो. तुह्या जन्माच्या आधीपासून मी या नदीवर आहे. आकडे घरी बसून लिहिलेले नाईत. ज्याले शंका असंन त्यानं सकाळी आठ वाजता घाटावर येऊन उभं राहावं.

अक्षराचं म्हणशील तर बोटं आखडतात, म्हणून लिहून घेतो. त्यात कोणता गुन्हा झाला.

यापुढे सरकारी काम असंन तर ऑफिसच्या कागदावर लिहजो. घरच्या पत्रात चौकशी नको.

नत्थू


नाचणगाव, ९ जुलै १९८४

कोकिळा पोरी,

हे पत्र तुह्या काकाजीले माहीत नाई. ते पारावर बसले आहेत, तवर लिहून टाकते.

कालचं पत्र मीच लिहिलं. आधीचंही मीच. तक्तेही माह्याच हातचे. ते सांगतात अन् मी लिहिते. तुह्या पत्रात तो घरी बसून आकडे लिहिणारा माणूस होता ना, तो मी. मीच तुह्या पत्रातलं ते त्याईले वाचून दाखवलं, अन् मीच त्याईचा राग लिहून तुले पाठवला. लिहिता लिहिता हसू बी आलं अन् रडू बी.

त्याईले दिसत नाई. तीन वर्षांआधीच्या दिवाळीपासून. पहिले बाजूचं दिसेना, मंग समोरचंही धुकट झालं. आता गेजपट्टी तर सोड, खांब कुठं आहे तेही मी सांगते तवा समजते. मोतीबिंदू आहे, पिकला की काढू, असं सगळेच म्हणतात. पिकायची वाट पाहून राह्यलो.

आम्ही रोज जातो. पाऊस असो की थंडी. ते छत्री अन् वही घेऊन पुढं, मी कपड्यांचं बोचकं घेऊन मागं. वाट त्याईच्या पायाले पाठ आहे. घाटावर ते खांबासमोर वही उघडून उभे राहतात, मी खालच्या दगडावर कपडे धुते. धोपटता धोपटता आकडा म्हणते, म्हणजे दोन मीटर सदतीस असंन तर दोन, मंग धोपटणं, मंग सदतीस. ते वहीत रेघोट्या ओढतात. लोकायले वाटते नत्थूजी गेज वाचून राह्यले. घरी येऊन मी चांगलं लिहिते.

रोज धुवाले कपडे कुठून आणू. धुतलेलेच नेते. कौशल्याबाई इचारते, तुह्या घरी दोनच माणसं अन् रोज बोचकं काऊन वो? मी म्हटलं, यायले घाम खूप येते.

चौथी शिकली मी. पट्टीवरच्या बारीक रेघा मोजता येतात. अंदाजानं लिहित नाई. सरकारले खोटं काऊन सांगाचं, असं वाटते.

आता खरं सांग. त्याईचं काय होईन? पैसा कमी भेटला तर आम्ही भागवू. पण सव्वीस वर्षांची नोकरी चोरी म्हणून जाऊ नये. त्याचीच मले धास्ती आहे. ते हे सहन करणार नाईत.

तुही काकू


नागपूर, १६ जुलै १९८४

ती. काकाजी आणि काकूंस सा. नमस्कार.

पत्र दोघांच्या नावाने लिहिते आहे. काकू वाचून दाखवतील, तेव्हा एकट्या काकाजींना लिहिणं शक्यच नाही. काकू, तुमचं पत्र मी उघड केलं, याबद्दल तुम्ही माझ्यावर रागवाल. पण तुम्ही काकाजींपासून लपवून माझ्याशी बोलत राहिलात तर मला कोणालाच नीट उत्तर देता येणार नाही.

मी चुकले. नदीच्या वरच्या अंगाच्या ठाण्याशी तुमचे आकडे ताडून पाहायला हवे होते, ते मी पत्र पाठवल्यावर पाहिले. नोव्हेंबर १९८१ पासूनची वाचनं दोन सेंटिमीटरच्या आत जुळतात. या ठाण्याच्या बारा वर्षांतल्या त्या सर्वांत चांगल्या नोंदी आहेत. मी त्यांना खोटं म्हटलं होतं. ते शब्द मागे घेते.

आता पुढचं. काकाजींना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात जा. मोतीबिंदू असेल तर तो पिकायची वाट पाहण्याची गरज नाही. शस्त्रक्रियेसाठी काकाजींची रजा शिल्लक आहे, आणि ती रजा सेवेत धरली जाते. दृष्टी आली तर काकाजी स्वतः गेज वाचतील, मार्चमध्ये वीस वर्षं भरतील आणि मग जायचं की अठ्ठावन्नपर्यंत राहायचं ते त्यांनी ठरवावं.

दृष्टी येणार नसेल तर दुसरा रस्ता आहे. वैद्यकीय मंडळाने कामास असमर्थ ठरवलं तर रुग्णता निवृत्तिवेतन मिळतं. त्याला दहा वर्षांची सेवा पुरते. ते एकोणीस वर्षांवर धरलं जाईल, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीपेक्षा कमी. पण ते लगेच सुरू होईल.

तिसरा रस्ता म्हणजे आत्ता चाललं आहे तसं मार्चपर्यंत चालू ठेवणं. तो मी सुचवत नाही.

मी हे कोणाला सांगितलेलं नाही. सेवाग्रामला कधी जाता ते कळवा.

कोकिळा


नाचणगाव, २१ ऑगस्ट १९८४

चि. कोकिळेस आशीर्वाद.

मागच्या पत्रात तुह्यावर रागावलो होतो. काकूवरही रागावलो. दोन दिवस बोललो नाई, पण आठ वाजता जावंच लागते अन् तिच्याशिवाय जाता येत नाई. तिसऱ्या दिवशी तिनं आकडाच सांगितला नाई. पट्टीसमोर उभा राह्यलो तसाच. शेवटी म्हटलं, बाई, किती? मंग बोलली.

सेवाग्रामले जाऊन आलो. पोटभर जेवूनच गेलतो, म्हटलं ऑपरेशन असंन तर दोन दिवस उपाशी ठेवतीन. ऑपरेशन नाई. मोतीबिंदूच नाई तो. काचबिंदू म्हणतात. डॉक्टरीणबाई चांगली होती. तिनं समजावून सांगितलं की डोळ्याच्या आतला दाब वाढून मागची नस सुकत जाते. जे गेलं ते वापस येत नाई. जे उरलं ते राहावं म्हणून थेंब दिले. पहिले काऊन नाई आले, असं तिनं इचारलं. पिकायची वाट पाहून राह्यलतो, मी म्हटलं.

तीन वर्षं वाट पाह्यली, कोकिळा. त्या तीन वर्षांत थेंब टाकले असते तर एवढं गेलं नसतं.

आता तुह्या त्या दुसऱ्या रस्त्याबद्दल. मी तो विचार केला. कागदावर माह्या नावापुढं कामास असमर्थ असं लिहिणार. सव्वीस वर्षांत एक खाडा नाई अन् शेवटचा कागद निकामी म्हणून. ते मले नको. नऊ महिन्यांतले दोन गेले. सात उरले. मार्चपर्यंत ओढू, मंग सही करून माह्या पायानं बाहेर येईन. काकू तयार आहे.

तू फक्त डोळे मिटून सही करजो. आकडे खरे आहेत हे तुले माहीत आहे. खऱ्या आकड्यावर सही करण्यात खोटं काय आहे?

नत्थूकाका


नागपूर, २८ ऑगस्ट १९८४

ती. काकाजींस सा. नमस्कार.

डॉक्टरांचं वाचून वाईट वाटलं. यापेक्षा जास्त लिहायला मला जमत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी पाच दिवस विचार केला. आकडे खरे आहेत. पण ज्या तक्त्यावर सही करायची त्यावर वाचकाच्या रकान्यात तुमचं नाव छापलेलं आहे. मी सही केली की हे आकडे नत्थूजींनी वाचले असं मी म्हणते. ते खरं नाही. तुमच्यामागे मी वर काही लिहिणार नाही. खोटंही लिहिणार नाही. ३० सप्टेंबरपर्यंत तुमच्याकडून काही आलं नाही तर मला सही न करता तक्ते परत पाठवावे लागतील, आणि कारण लिहावं लागेल.

हे माझं झालं. आता तुमचं.

परवा वरच्या धरणातून पाणी सोडलं. तुमच्या ठाण्याची नोंद तारेने चार मीटर एकाहत्तर आली आहे. त्या पातळीला घाटाच्या खालच्या सात पायऱ्या पाण्याखाली असतात, हे मला नकाशावरून दिसतं. पुराच्या नियमाप्रमाणे दिवसभर दर तासाला नोंद आहे. म्हणजे त्या दिवशी काकू दर तासाला त्या पायऱ्यांवर उतरल्या. कपडे धुण्याचं निमित्त तेव्हा कोणालाही पटलं नसेल.

त्यांचा पाय घसरला असता तर सरकारच्या लेखी त्या तिथे नव्हत्याच. कामावर असताना वाचकाला काही झालं तर घरच्यांना मदत मिळते. काकू वाचक नाहीत. त्या घाटावर बोचकं घेऊन गेलेली एक बाई आहेत. गेली तीन वर्षं त्या तुमची नोकरी करत आहेत, आणि कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नाही.

असमर्थ हा शब्द तुम्हाला लागतो. तो डोळ्यांबद्दल आहे, सव्वीस वर्षांबद्दल नाही. पण त्या शब्दासाठी कोणाला पाण्याच्या काठावर उभं करायचं, हे तुम्ही ठरवायचं आहे.

तुमची जागा रिकामी झाली तर अंशकालीन वाचक नेमण्याचा अधिकार आमच्या साहेबांना आहे, एका वेळी सहा महिन्यांसाठी. स्थानिक माणूस आणि आकडे वाचता येणं, एवढीच अट आहे. बाईला नेमलेलं माझ्या पाहण्यात नाही. मनाई आहे असंही कुठे लिहिलेलं नाही. मी शब्द देत नाही, विचारून पाहीन.

कोकिळा


नाचणगाव, २४ सप्टेंबर १९८४

कोकिळा पोरी, आशीर्वाद.

हे पत्र त्याईच्या समोर बसून लिहिते. लपवलेलं काही नाई. काय लिहिलं ते वाचून दाखव म्हणतात, तवा मधामधात थांबते.

तुह्या पत्रानंतर आठ दिवस आम्ही रोजच्यासारखे घाटावर गेलो. नवव्या दिवशी घाटावरून येताना म्हणे, पुरात तू खाली उतरली तवा पाणी कुठवर आलतं? मी म्हटलं, पोटरीवर. मंग घरी येऊन म्हणे, अर्ज लिही.

काल वर्ध्याले मंडळासमोर जाऊन आलो. पहाटेच्या गाडीनं गेलतो, पण आधी प्रभाकररावाले गेज वाचाले बसवलं, त्याईचं शेत तिथंच आहे. प्रभाकरराव म्हणे, नत्थूजी, एवढं सोपं काम अन् तुमी सव्वीस वर्षं पगार घेतला? यायले आवडलं नाई ते. पण मी मनात हसली, म्हटलं, सोपं म्हणता अन् पाच सेंटिमीटरचाच आकडा लिहून ठेवसान. तेच झालं. दोन मीटर दहा लिहून ठेवलं होतं त्याईनं. मी तो खोडला नाई, खाली प्रभाकररावाचं नाव लिहिलं.

आता मंडळाचं ऐक. मले बाहेर बाकावर बसवलं. दार उघडंच होतं. डॉक्टरसाहेबानं त्याईले खुर्चीवर बसवलं अन् भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचाले सांगितला. मले वाटलं, आता दिसत नाई म्हणतीन. तर हे सरळ वाचतच गेले. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, एका दमात. डॉक्टर पाहतच राह्यले.

तो तक्ता मीच शिकवला होता. ऑफिसकडून दोन वर्षांनी डोळे तपासाले पुलगावले बोलावतात. मागच्या खेपेस मी रांगेत थांबून दाराच्या फटीतून सगळ्या ओळी पाह्यल्या अन् त्याईच्या कानात म्हटल्या. मंग पुढच्या खेपेसाठी घरी पंधरा दिवस पाठ करून घेतलं, भाजी निवडता निवडता. वर्ध्याचाही तक्ता तोच निघाला. सेवाग्रामचा कागद त्याईच्या खिशात होता, तो काढलाच नाई.

डॉक्टरसाहेब म्हणे, बाबा, तुमची नजर तर माझ्यापेक्षा चांगली आहे. घरी बसायची घाई कशाला? अन् कागदावर लिहाले लागले.

हे उठले. दारापर्यंत आले, चौकट चाचपून धरली. मी बाकावरून उठली. मनात म्हटलं, आता काय सांगाचं ते त्याईनंच ठरवावं. तिथं बाहेर आठ-दहा लोक बसले होते, दोन आपल्याकडचे बी होते. मंग हे आतमध्ये तोंड फिरवून म्हणे,

"साहेब, तो तक्ता मले पाठ आहे. भिंतीवरून काढून टाकला तरी मी तसाच वाचीन. बायकोनं शिकवला."

डॉक्टर उठून जवळ आले, हात वर केला, म्हणे, किती बोटं?

"हातच दिसत नाई साहेब," हे म्हणे. "तीन वर्षं झाले. गेज बी तीच वाचते."

एवढं मोठ्यानं बोलले की बाहेर सगळ्याइनं ऐकलं. मंग खिशातून सेवाग्रामचा कागद काढून दिला. डॉक्टरसाहेबानं पहिला कागद फाडला अन् नवा लिहिला. जाताना त्याईचा हात धरून मले बाहेर आणून दिलं, म्हणे, बाई, तुम्ही मास्तरीण व्हायला पाहिजे होतं.

गाडीत बसल्यावर हे म्हणे, गेजचं सांगायची गरज नव्हती, नाई? मी म्हटलं, नव्हती. म्हणे, निघून गेलं तोंडातून. आता कोकिळेले लिही, की तिले काही लपवाचं कारण नाई, मी सगळ्याइच्या समोर सांगून आलो.

तवा आता तुह्या साहेबाले जे सांगाचं ते सांगजो. पेन्शन थांबली तरी तुह्यावर बोल नाई. असं ते म्हणतात. मी म्हणते, थांबू नको देजो.

काकू


नागपूर, १५ नोव्हेंबर १९८४

ती. काकाजी आणि काकूंस सा. नमस्कार.

उशीर झाला. निकाल हातात येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

२७ सप्टेंबरला मी साहेबांना सगळं सांगितलं. तुम्ही माझे चुलत काका आहात, तुमच्या घरी मी दोन वर्षं राहिले आहे, हे आधी सांगितलं. त्यांनी विचारलं, हे तुला जुलैपासून माहीत होतं? मी हो म्हटलं. त्याबद्दल मला लेखी समज मिळाली आहे. ती योग्य आहे.

तक्त्यांवर मी सही केली. शेऱ्यात लिहिलं की नोव्हेंबर १९८१ पासूनची वाचनं वाचकाच्या पत्नीने घेतली असून ती शेजारच्या ठाण्याशी जुळतात. साहेबांनी दोन्ही ठाण्यांचे कागद स्वतः ताडून पाहिले, पूर्ण दुपार. मग म्हणाले, यात चौकशी कशाची करायची, पाण्याची? त्यांनी फक्त शेऱ्याखाली 'पाहिले' असं लिहिलं.

काकाजी, मंडळाच्या दाखल्यावर तुमचं रुग्णता निवृत्तिवेतन मंजूर होत आहे. सेवा एकोणीस वर्षं सहा महिने धरली आहे. वीस भरली नाहीत, त्यामुळे वाढ मिळणार नाही. ते नुकसान खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. कारणाच्या रकान्यात 'दृष्टिदोष' एवढाच शब्द आहे.

काकू, तुमची अंशकालीन वाचक म्हणून १ डिसेंबरपासून सहा महिन्यांची नेमणूक झाली आहे. पगार काकाजींच्या निम्म्याहून कमी आहे आणि त्याला पेन्शन नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा लागेल. हे फार नाही, पण वाचकाच्या रकान्यात तुमचं नाव छापलं जाईल. बोचकं नेण्याची आता गरज नाही.

निवृत्तिवेतनाच्या कागदांसोबत पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो, तीन प्रती. काकाजींच्या पश्चात काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन देताना ओळख पटावी म्हणून. डिसेंबरअखेरपर्यंत पाठवा.

कोकिळा


नाचणगाव, ९ डिसेंबर १९८४

कोकिळा पोरी,

फोटो पाठवते. पुलगावच्या स्टुडिओत काढला. पस्तीस वर्षं झाले लग्नाले, पण आमचा दोघाइचा एकत्र फोटो नव्हता. फोटोवाल्यानं इचारलं, कायच्यासाठी? हे म्हणे, मी मेल्यावर इले पैसे भेटावं म्हणून. तो बिचारा चपापला.

कोसा रेशमाची पगडी बांधा म्हटलं तर नाई म्हणे, टोपीच घातली. मी तुह्या आईनं दिलेलं हिरवं लुगडं नेसली. दोघाइले खुर्चीवर बसवलं. फोटोवाला म्हणे, बाबा, समोर पाहा. यायले समोर कुठं ते समजेना. मी हळूच म्हटलं, त्याच्याकडं, जिकडून तो बोलून राह्यला तिकडं. तेवढ्यात त्यानं बटन दाबलं.

आता फोटो आला तर मी समोर पाहून राह्यली अन् हे माह्याकडं तोंड करून बसले. माह्या आवाजाकडं वळले ना. फोटोवाला म्हणे, सरकारी कागदाले असा चालणार नाई, दुसरा काढू, पैसे नको. यायले सांगितलं तर म्हणतात, दुसरा काढून काय होईन, ही बोलली की मी तिकडंच पाहीन.

चालन का गं असा? नाईतर पुन्हा जातो. चार प्रती आहेत, त्यानं एक जास्तीची दिली.

आठ दिवस झाले, एकटीच घाटावर जाते म्हटलं तरी हे येतातच. वही घेत नाईत, नुसते येतात.

काकू


नागपूर, १४ डिसेंबर १९८४

ती. काकूंस सा. नमस्कार.

फोटो मिळाले. नियम पाहिला. दोघांचे चेहरे ओळखू यावेत एवढंच त्यात आहे. कुठे पाहावं ते लिहिलेलं नाही.

तीन प्रती कागदांना लावून पाठवल्या आहेत. चौथी मी ठेवून घेतली आहे. काकाजींना सांगा, चांगला आला आहे.

कोकिळा